रंजू, तुझी मुलं बातम्या लिहितात

प्रिय रंजू,

तुझ्या चौथीच्या मुलांनी तुझ्यावर लिहिलेले कागद काल माझ्या टेबलावर आले. ते मुलांनी आपल्या मनाने, कोणी काही न सांगता लिहिले आहेत, याला तुमच्या मुख्याध्यापकांनी फोनवर दुजोरा दिला. बघ, तुला लिहितानाही सवय सुटत नाही! आधी ताजी घटना, मग ती कोणी सांगितली. म्हणूनच तर हे पत्र लिहितोय. ही सवय मी तुझ्या वर्गाला लावून आलो आणि निस्तरायला परत गेलो नाही. तू होतीस तोवर ‘येतो, येतो’ म्हणत राहिलो.

कागदांवर काय आहे सांगू? पहिला: ‘आमच्या वर्गशिक्षिका रंजनाबाई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले, असे मुख्याध्यापकांनी सांगितले.’ दुसरा तोच. तिसराही तोच. पेपरात तुझी बातमी मीच लावली होती, चार ओळींची. ती म्हणे वर्गात फळ्याशेजारी चिकटवली आहे. एकाने शेवटी लिहिलंय, ‘त्यांच्या पश्चात आम्ही सर्व, एक स्कूटी व दोन कोंबड्या असा परिवार आहे.’ मला हसू आलं गं. मग पाणी प्यायला म्हणून उठलो आणि बराच वेळ जागेवर परतलो नाही.

त्या सगळ्या गठ्ठ्यात तू कुठेच नाहीस, रंजू.

तुझ्या वर्गात मी एकदाच आलो. गेल्या हिवाळ्यात. धानोऱ्याच्या स्टँडवर तू स्कूटी घेऊन उभी होतीस आणि जंगलातल्या रस्त्याने येताना सारखी मागे वळून बोलत होतीस. तुझी रीत तू वाटेतच सांगितलीस. मुलाने आधी उभं राहून बोलायचं, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, मग तेच कागदावर उतरवायचं. घरची गोंडी आणि शाळेतली मराठी एकाच ओळीत आली तरी तू अडवायची नाहीस. शुद्धलेखन मागून.

वर्गात मुलांचे कागद माझ्या हातात दिलेस, ‘तू नुसतं वाच, भाऊ,’ म्हणालीस आणि खिचडी शिजली का ते बघायला गेलीस. मला का एकटं सोडलंस?

एका मुलाने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी अस्वल आलं नाई. पण आलं असतं तर आजी त्याले लय बोलली असती.’ आणि मी काय केलं? पेन काढलं. जे घडलं नाही ते लिहायचं नाही, म्हणालो. पहिल्याच ओळीत काय झालं ते सांगा, लगेच कोणी सांगितलं त्याचं नाव द्या. नाव नसेल तर ओळ खोडा. आयुष्यभर पेपरात नव्या पोरांना जे शिकवलं, तेच आठ-नऊ वर्षांच्या लेकरांना तासाभरात शिकवलं. मुलं किती शहाण्यासारखी माना हलवत होती! मी खूश.

पुढच्याच आठवड्यात तुझा फोन. ‘भाऊ, काय करून ठेवलं रे तू? सारीच्या सारी पोरं बातम्या लिवून राह्यली. आज त्या अस्वलवाल्यानं लिवलं, गावात अस्वल आले नाही असे आजीने सांगितले!’

मी खो खो हसलो. ऑफिसातही सगळ्यांना सांगितलं. तूही हसत होतीस, मग एकदम थांबलीस. ‘हसू नको. तू ये, आन् त्याईले सांग का हे तुझ्या पेपराचं हाय, त्याईचं नाई. माझं आयकत नाईत. तुझं नाव छापून येते ना!’

निवडणूक होऊ दे, म्हणालो. मग उन्हाळा कमी होऊ दे. मग अधिवेशन. रोज संध्याकाळी पेपराचं पान वेळेत छपाईला सोडणारा माणूस मी, तुझ्या एका कामाला माझ्याकडे तारीख नव्हती. आणि तूही काय गं! एकदाही चिडली नाहीस. चिडली असतीस तर आलो असतो. ताप अंगावर काढत वर्ग घेत राहिलीस, एक फोन करता आला नाही? की तुला वाटलं, हा म्हणेल आधी पान होऊ दे?

पुढचं ऐक. मुख्याध्यापकांना यातले उत्तम निबंध माझ्याकडून निवडून हवेत. आमच्या संपादकांनी रविवारच्या पुरवणीत जागाही ठेवली होती. काल पुन्हा फोन करून विचारलं, एखादं मूल आहे का जवळपास? त्यांनी निकिताला दिलं. वर्गात खिडकीशी बसायची ती, दोन वेण्यांवाली.

‘तुझ्या बाई कशा होत्या गं?’

‘चांगल्या होत्या.’

‘चांगल्या म्हणजे?’

तिने उलट विचारलं, ‘लिवाचं हाय का?’

‘नाही. नुसतं सांग.’

‘बाईनं सांगतलं होतं, कोनाले सांगू नका.’

‘मी त्यांचा भाऊ आहे. मला सांगितलेलं चालतं.’

मग सुटलीच ती. मोहाच्या दिवसांत सगळी मुलं सकाळी फुलं वेचायला जायची, शाळेत कोणी नाही. तर तू हजेरीचं बुक घेऊन जंगलात गेलीस, झाडाखालीच नावं पुकारलीस आणि पदर खोचून त्यांच्याबरोबर वेचायला लागलीस. ‘आन् बाईच्या पायावर लाल मुंग्या चढल्या ना काका! बाई अशा नाचल्या, अशा नाचल्या, सारा मोहा सांडला. आमी हासलो. बाई बी हासल्या. मंग शाळेत आल्यावर उभ्यानंच शिकवलं, बसताच येत नव्हतं!’

तिकडे मागे अजून दोघं-तिघं हसत होती. मी विचारलं, ‘निकिता, हे तू काऊन नाही लिहिलंस?’

‘कोनाचं नाव टाकू?’ ती म्हणाली. ‘मले कोनी सांगतलंच नाई. मीनं सोताच पाह्यलं.’

रंजू, ऐकलंस? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिता येत नाही, असं त्या पोरीला वाटतं. हे तिला मी शिकवलं. तू गेलीस आणि तिला तुझ्याबद्दल एवढं सगळं माहीत असून कागदावर ती ‘अल्पशा आजाराने’ लिहिते. तुझ्यासाठी रडायलाही मी त्या मुलांना जागा ठेवली नाही गं.

संपादकांना सांगून पुरवणीतली जागा सोडली. निवडणार काहीच नाही. मुख्याध्यापकांना मार्गदर्शनाचा कार्यक्रम करायचा होता, माइक लावून. तो नको म्हणालो. तुला वचन देतो, मुलांसमोर आधी सांगेन की मी चुकीचं शिकवलं होतं, तुमच्या बाईंचं बरोबर होतं. एकदा सांगून पटणार नाही, हे मला कळतं. म्हणून दर महिन्याचा एक शनिवार आता तुझ्या शाळेचा. निवडणूक असो, अधिवेशन असो.

येत्या शनिवारी सकाळची शाळा आहे. परिपाठ झाला की मुलं व्हरांड्यात बसतील, मीही त्यांच्यात खाली बसेन. तू कशी नाचलीस ते निकिता सगळ्यांना करून दाखवणार आहे, तसं तिने कबूल केलंय. ‘पन मुंग्या कोन होईन?’ असं तिने विचारलं, तेव्हा मागून सगळेच ओरडले. नंतर ती ते लिहील. मी तिला एकच सांगणार आहे, ‘सांगणाऱ्याचं नाव हवंच असेल तर तुझं स्वतःचं टाक, निकिता.’

उशिरा पोचणारा, तुझा
भाऊ