तक्त्यातली तेविसावी ओळ

दि. ३ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा लेख काल सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. फोनवर सांगता आले असते. पण फोनवर आपले तिसऱ्या मिनिटाला भांडण होते, हे ध्यानात घेऊन वडिलांच्या शिस्तीप्रमाणे महत्त्वाचे ते कागदावर कळवीत आहे.

वीस वर्षे मी या मानवशास्त्र संस्थेचे कार्यालय सांभाळतो आहे. या काळात आपल्या नियतकालिकाचे वर्गणीदार एकशे चाळीसच्या वर कधी गेले नाहीत आणि निम्म्या प्रती ग्रंथालयांच्या कपाटांत कोऱ्याच राहिल्या. दोन वर्षांपूर्वी तू वार्षिक सभेत उभी राहून विचारलेस, की ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांनाच वाचायला मिळत नसेल तर याला विद्या म्हणायचे की साठेबाजी. त्या वेळी मी सख्खा भाऊ असूनही, नियतकालिक सर्वांना फुकट खुले करण्याच्या विरोधात हात वर केला होता. फुकट मिळालेले कोणी नीट वाचत नाही, एवढेच माझे म्हणणे होते. ते आज मागे घेतो. कालच्या एका दिवसात तुझा लेख दोनशे सहा जणांनी उघडला. रुग्णालयाच्या धुलाई विभागातल्या बायकांनी तो मोबाईलवर एकमेकींना वाचून दाखवला, असे तिथला शिपाई सांगत होता. विभाग कंत्राटदाराला द्यायचा की नाही, यावर सतरा तारखेला जाहीर सुनावणी आहे. तिथे तुझ्या लेखाचा आधार घेतला जाणार म्हणे. मी जातीने हजर राहीन.

प्रसिद्धीनंतर पानावर केलेला प्रत्येक बदल तारीख, कारण आणि करणाऱ्याचा हुद्दा यांसह त्याच पानावर दिसेल, असा नियम मी कार्यकारिणीकडून मंजूर करून घेतला आहे. दार उघडे ठेवायचे तर कोण आले-गेले याची नोंद हवी.

एक किरकोळ बाब. मजकुरात तू तेवीस बायकांशी बोलल्याचे लिहिले होतेस आणि तक्त्यात ओळी बावीस. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजतानाही तू एक हमखास गाळायचीस. मी ते जुळवून दिले. तेवढ्यासाठी तुला त्रास दिला नाही. मोजता न येणाऱ्या बहिणीला विद्यापीठाने प्राध्यापक कसे केले, हे तुझ्या वहिनीलाही पडलेले कोडे आहे.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.

तुझा
दादा

&nbsp;

दि. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वर्गात नेऊन दोनदा वाचले. तू काही मागे घेतल्याचा लेखी पुरावा माझ्याकडे आहे, हे विसरू नकोस. मी तो चौकटीत लावणार आहे.

लेख मी अजून उघडलेला नाही. आपले छापून आलेले वाचायला माझे मन होत नाही, आणि एकदा तुझ्या हातात गेले की मी तपासत नाही. सगळी हयात लोकांच्या चुका काढण्यात घालवलेला भाऊ घरचा असताना मी डोळे का फोडून घ्यावेत?

ते तेवीस-बावीस तू जुळवलेस, फार बरे झाले. मजकुरातला तेवीसचा आकडा काढायचा माझ्याकडून राहून गेला होता. खरे तर मी तेवीसजणींशी बोलले. तेविसावी म्हणजे तिथली मुकादम, जिला सगळ्या मावशी म्हणतात. एकतीस वर्षे नोकरी, त्यांतली अकरा वर्षे नोंदवही तिच्याकडे. तिने एका दुपारी चादरींच्या ढिगावर बसून मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली आणि चौथ्या दिवशी बोलावून घेऊन ती परत मागितली. म्हणाली, की ताई, मी बोलले ते तुम्हाला, कागदाला नाही; मला त्यातून काढा. मी तिच्या हातावर हात ठेवून काढते म्हणून शब्द दिला आणि तिची पूर्ण ओळ गाळली. लेखात ती असती तर लेख दुपटीने चांगला झाला असता, हे तुला म्हणून सांगते. पण आमच्या धंद्यात सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याची असते. ती कधीही परत मागू शकते.

सुनावणीला जाणार आहेस तर मावशीला ओळख दे. दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर वही घेऊन बसलेली दिसेल. अकरा वर्षांत एकही गाठोडे चुकीच्या वॉर्डात गेले नाही, हे ती त्या वहीवरून दाखवणार आहे. सगळ्यांची भिस्त तिच्यावर आहे.

वहिनीला नमस्कार. राग असला तरी चालेल, मायाही राहू दे.

तुझी
छोटी

&nbsp;

दि. १८ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र तेरा तारखेस पोचले. सुनावणी काल झाली. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. खुर्च्या साठ, माणसे नव्वदच्या आसपास. ध्वनिक्षेपक दोन वेळा बंद पडला. तुझ्या लेखाचा उल्लेख दोन्ही बाजूंनी झाला. निर्णय पुढे ढकलला आहे.

मावशींना ओळख देण्याचा योग आला नाही.

तुझ्या वहिनीची गुडघेदुखी पूर्वीसारखीच आहे. इकडे उकाडा वाढला आहे. आणखी लिहिण्यासारखे विशेष नाही.

दादा

&nbsp;

दि. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे सुनावणीचे पत्र म्हणजे सभागृहाच्या सामानाची यादी होती. काय झाले ते मला धुलाईतल्या वाळवणीवरच्या बाईने फोन करून सांगितले.

कंत्राटदाराचा माणूस उठला आणि माझ्या लेखातला जो तक्ता छापून आणला होता त्यातली शेवटची ओळ त्याने मोठ्याने वाचली. वय एक्कावन्न, नोकरी एकतीस वर्षे, काम मुकादम. लिहिता-वाचता येत नाही. नोंदवही घरी आधी मुलीकडून, आता नातीकडून भरून घेते. गाठोडी कोणत्या वॉर्डाची ते चिंधीच्या गाठींवरून ओळखते. ही गोष्ट सहकाऱ्यांनाही ठाऊक नाही. मग त्याने विचारले, की संसर्गाच्या कपड्यांवरची चिठ्ठी जिला वाचता येत नाही, तिच्या भरवशावर रुग्णालय चालवायचे का. सभागृहात हशा झाला. मावशी उठली, मांडीवरची वही तिने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून वही दुसऱ्या बाईकडे आहे आणि मावशी वाळवणीवर. नातीने शाळेत जायचे बंद केले आहे, कारण वर्गातल्या मुलींच्याही मोबाईलवर तो तक्ता आहे.

दादा, ती ओळ तिथे आलीच कशी? मी तीन दिवस स्वतःला तेच विचारते आहे. माझ्या संगणकात जुना खर्डाही होता. संस्थेच्या सामायिक कप्प्यात मी तो आधी चढवला होता आणि काढला नाही, एवढे आठवते. म्हणजे शेवटी मी चुकीचा तक्ता पाठवला असणार. शब्द मी दिला, हात मी ठेवला, आणि मोडलाही मीच. तुमच्या सचिवांचा फोन होता. काही सभासद म्हणतात की हे खुले प्रकरण बंद करा, पूर्वीसारखे कुलूप बरे. मी त्यांना सांगितले की कुलूप नव्हते म्हणून हे घडले नाही. मी निष्काळजी होते म्हणून घडले. सचिवांना मी संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा देऊ केला आहे.

पाच तारखेला मी येते आणि मावशीसमोर उभी राहून सांगते की हे माझ्या हातून झाले. तोवर एवढेच कर: मी पाठवलेला तक्ता कोणता होता ते बघून कळव. तुझ्याकडे सगळे नोंदलेले असते.

तुझी
छोटी

&nbsp;

दि. २ एप्रिल

चि. छोटीस,
आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे. आज ती पाळण्यास हात धजत नाही.

तू पाठवलेला तक्ता बावीस ओळींचा होता. तो बरोबर होता. तेविसावी ओळ मी घातली.

आकडे जुळत नव्हते. तुला विचारण्याऐवजी मी सामायिक कप्प्यातला जुना खर्डा उघडला, त्यात तेविसावी ओळ मिळाली आणि ती मी चिकटवली. शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे ते मी वाचले. ही गोष्ट सहकाऱ्यांनाही ठाऊक नाही, हे शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले आणि त्यांतला एक स्वल्पविरामही मी सुधारला. त्या ओळीमागे माणूस आहे, हे मला सुचले नाही. बेरीज जुळली याचे समाधान वाटले. तुला तसे अभिमानाने लिहिलेही. फक्त कोणत्या बाजूने जुळवले ते लिहिले नाही.

ही चूक एवढीच असती तर मी आज मान वर करून बसलो असतो. पुढचे सांगतो. तुझे दहा तारखेचे पत्र मला तेरा तारखेस मिळाले. सुनावणीस चार दिवस होते. ओळ काढायला पाच मिनिटे लागली असती. मी पान उघडले आणि माझाच नियम आडवा आला. बदल केला की तारीख, कारण आणि हुद्दा पानावर दिसणार. वीस वर्षांत माझ्या नावावर एक खाडाखोड नाही. ती पहिली खाडाखोड शेकडो लोकांनी पाहावी, हे मला सोसेना. इतक्या पानांत शेवटची ओळ कोण वाचतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. फुकटचे कोणी नीट वाचत नाही, हे मागे घेतलेले म्हणणे मी गुपचूप पुन्हा पुढे घेतले.

सुनावणीला मी तिसऱ्या रांगेत, मावशींच्या बरोबर मागे होतो. तुझे पत्र माझ्या खिशात होते. त्या माणसाने ओळ वाचायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. मी उभा राहून म्हणू शकत होतो, की या बाईंनी हे परत घेतले होते, ही ओळ वाचण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेजारचे दोघे हसले. मी हसलो नाही, पण त्यांना वाटेल इतपत ओठ हलवले. हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही, तुझ्या वहिनीलाही नाही.

तुझे चोवीसचे पत्र आले त्या संध्याकाळी मी ओळ काढली. लेख तोवर एक हजार एकशे बारा जणांनी उतरवून घेतला होता. त्या प्रती परत येणार नाहीत. सचिवांचे म्हणणे, कारण म्हणून तांत्रिक त्रुटी असे लिहावे. मी तसे लिहू दिले नाही. तुझा राजीनामा त्यांच्याकडून परत घेतला आहे, माझा त्यांच्याकडे आहे. कुलपाची मागणी करणाऱ्यांना मी सभेत सांगितले, की बंद कपाटात ही ओळ पडून असती तर मला लाज वाटली नसती, अपराध मात्र तोच असता.

मावशींना पत्र लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्यावर ध्यानात आले, की हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागेल. कागद फाडला आणि काल दुपारी वाळवणीच्या गच्चीवर गेलो. आठ-दहा बायका ओल्या चादरी झटकत होत्या. मी सर्वांसमोर सांगितले, की ताईंनी शब्द मोडला नाही, मोडला तो मी. मावशींनी काम थांबवले नाही. थोड्या वेळाने एका गाठोड्याची चिंधी सोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि हे कोणत्या वॉर्डाचे ते सांगा म्हणाल्या. तीन गाठी होत्या, मधली उलटी. मी उलटसुलट करून पाहिले. मला काही कळले नाही. कोणी हसले नाही, छोटी. चिंधी परत घेताना त्या म्हणाल्या, की बालवॉर्ड, आणि ताप असलेली बाळे, म्हणून उलटी. हे तुमच्या तक्त्यात नव्हते.

क्षमा त्यांनी केली नाही आणि मी मागितल्यासारखेही बोललो नाही. वही परत मिळेल असे दिसत नाही. नातीला शाळेत सोडायला त्या सोमवारपासून स्वतः जाणार आहेत. निघताना मी विचारले, की आता ओळ काढली आहे, तर मजकुरातही बावीस करू का. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाल्या, की मी बोलले नाही असे कुठे आहे? बोलले मी. फक्त द्यायचे नव्हते. तेवीसच राहू द्या.

तेव्हा तू पाठवले होतेस तसेच आता पानावर आहे. मजकुरात तेवीस, तक्त्यात बावीस. खाली ओळ काढल्याची तारीख, आणि एका सहभागी व्यक्तीने परत घेतलेली माहिती कार्यालय व्यवस्थापकाने लेखिकेस न विचारता घातली होती, असे कारण. आकडे जुळत नाहीत. मी दोनदा तपासले.

पाच तारखेला तुला आणायला स्थानकावर येऊ की नको, ते कळव. लोभ असावा असे लिहिण्याचा अधिकार सध्या मला नाही. पत्राची पोच मात्र दे.

दादा