अर्धी गोळी त्रिवेणीला

१२ जानेवारी १९९६

आले एकदाची! हैदराबादेत मराठी बोलायला कुत्रं मिळणार नाही, असं आईने डोळ्यांत पाणी आणून बजावलं होतं. आणि इथे नल्लकुंट्यात रिक्षातून सामान उतरवतेय तोच घरमालकीण कुसुमताई म्हणाल्या, हौ, ये ना आत, उन्हात कायकू उभी? म्हटलं, वा, हे मराठीच आहे की! फक्त पुण्यात चालणार नाही.

वरची खोली माझी, जेवण खाली त्यांच्याबरोबर. ताईंचा मुलगा विकास आबिड्सला बँकेत आहे. सून त्रिवेणीला पाचवा महिना सरत आलाय. पहिल्याच जेवणात ताईंनी मला तीन वेळा वाढलं आणि नको म्हटलं की रागावल्या. पुण्यात दुसऱ्यांदा विचारलं तरी नवल.

नोकरी विद्यानगरच्या दवाखान्यात. बाजार खुला झाल्यापासून इथे औषध कंपन्यांचं पेव फुटलंय. त्यातल्या एका नव्या कंपनीची गुडघेदुखीची गोळी अजून विक्रीला आलेली नाही. ती आधी काही रोग्यांना देऊन बघायची, त्यांना काय त्रास होतो ते दर आठवड्याला विचारून नोंदवायचं, हे माझं काम. सगळं बिनबोभाट पार पडलं तर मला कायम करणार आहेत. नीलिमाबाई, लागा कामाला.

४ फेब्रुवारी

रोगी पुरेसे मिळत नाहीत म्हणून आमचे डॉक्टर प्रमोद सर रोज माझं डोकं खातात. आणि इथे घरात कुसुमताई जिन्याच्या प्रत्येक पायरीला आई गं म्हणतात. आपल्या घरातलं माणूस घेऊ नये असा नियम आहे. मी घेतलं.

संमतीचा कागद इंग्रजी आणि तेलुगूत होता. ताईंना दोन्ही वाचता येत नाही. धोक्यांचं सगळं पान मराठीत समजावून सांगायला हवं होतं, पण मला घाई होती. म्हटलं, जीवनसत्त्वाच्या गोळीसारखीच आहे हो. ताईंनी झोकात सही केली आणि म्हणाल्या, तू देतेस म्हणजे विषय संपला. तेव्हापासून जरा चुटपुट लागून राहिलीय.

१ मार्च

गोळी जबरदस्तच आहे. ताई गच्चीवर धडाधड चढतात आणि गल्लीभर माझं नाव सांगत सुटल्यात.

पण आज सकाळी. ताई पोळ्या करत बोलत होत्या आणि त्यांचा तळहात तव्याला टेकलेला होता. करपल्याचा वास आला तेव्हा मीच किंचाळले. त्यांनी हात उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि हसल्या. बघ गं, दुखतसुद्धा नाही! मी त्यांचा हात ओढून नळाखाली धरला.

प्रमोद सरांना सांगितलं. ते म्हणाले, घरगुती अपघात, औषधाशी संबंध नाही, असं लिही. मग माझ्या कायम होण्याचा विषय काढला. मी तसंच लिहिलं. संध्याकाळी ताईंच्या हाताला मलम लावताना मान वर करवेना.

२० मार्च

त्रिवेणीसुद्धा.

तिची कंबर धरते म्हणून ताई पहिल्या दिवसापासून अर्धी गोळी तिला देतायत. इतकं गुणाचं औषध एकटीने कसं खाऊ, असं मलाच विचारलं. म्हणजे ताईंचा हात बधिर झाला तो अर्ध्याच गोळीने. आणि गरोदर बाईने तर या गोळीला हातही लावायचा नाही.

खरं बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. म्हटलं, गोळी उष्ण असते, पोटुशीला सोसायची नाही. ताईंना लगेच पटलं. उरलेल्या गोळ्या मी काढून घेतल्या. सरांना काही सांगितलं नाही. सांगितलं तर चाचणी बंद, माझी नोकरी बंद. काय बाई आहे मी!

१८ एप्रिल

गोळ्या थांबून महिना होत आला, तरी दुखणं परत आलेलं नाही. आज फरशीभर रक्ताची पावलं. ताईंच्या टाचेत खिळा रुतलेला आणि त्या देवाला फुलं वाहतायत. त्रिवेणीला कंबर विचारली तर म्हणाली, कंबर? विसरलेच की.

सरांना ताईंचं तेवढं सांगितलं, त्रिवेणीचं नाही. ते म्हणतात, असर हळूहळू उतरेल, निकाल चांगले आलेत, आत्ता कुणाला काही बोलू नकोस. त्रिवेणीच्या डॉक्टरीणबाईंना तरी सांगायला हवं. त्यांच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पोटातलं पोर फिरतंय ना, मग ठीकच असणार.

१४ मे

त्रिवेणीला कळा आल्याच नाहीत. लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती, साडी भिजली तेव्हा कळलं. धावपळ करून रिक्षातून नेलं. पोचताच मुलगी झाली.

रडली नाही. श्वास छान, रंग गुलाबी, डोळे टक्क उघडे. नर्सने तळव्यांवर चापट्या मारल्या. मग जोरात मारल्या. नुसती बघत राहिली.

सगळे म्हणतात, किती शहाणी.

१८ मे

लस टोचली. सुई दंडात पूर्ण आत गेली. पापणी हलली नाही — मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. देवा, हे मी केलंय.

२५ मे

बारसं. मुलगी हातोहात फिरली. कुणाच्या तरी बांगडीचं टोक तिच्या गालात रुतलं होतं — रक्त आलं तेव्हा दिसलं. हूं नाही की चूं नाही. ताई कौतुकाने सांगत होत्या, माझी नात मुळी रडतच नाही, नीलिमाच्या पायगुणाची पोर आहे. आणि मी — मी हसले. बुंदी खाल्ली.

उद्या सांगते. नोकरी गेली तर गेली.

२६ मे, सकाळ

आत्ता सांगणार. तोंडाने धड जमणार नाही, म्हणून आधी लिहून काढते. खाली जाऊन वाचून दाखवीन.

ताई, ती जीवनसत्त्वाची गोळी नव्हती. ती पुढे काय करते ते कुणालाच ठाऊक नाही. तुमचा हात भाजला तेव्हाच मला — त्रिवेणीचं कळलं तेव्हाही मी गप्प —

कामवाली यादम्मा अजून आली नाही. बाळाला रोज तीच न्हाऊ घालते. काल बारशाची भांडी घासून दमली असेल.

खाली बंब पेटलाय. ताई त्रिवेणीला सांगतायत, टॉवेल ठेव, आज मीच घालते माझ्या नातीला आंघोळ. पायांवर घेतलं असेल. बरंय, तेवढ्यात माझं लिहून —

कुठवर आले होते? ताई, मला माफ करू नका, पण पोरीला आजच मोठ्या —

तांब्या ओतल्याचा आवाज. ताई गाणं म्हणतायत. पोर रडत नाहीये, म्हणजे पाणी बेताचंच —

नाही. ती तर रडतच —

आणि ताईंच्या हाताला चटका कळतच —