अभिनंदन, आपण गरीब नाही!

सारी-बुलाक, गवताची कापणी उरकल्यावर

मानाचे व्याही ताशतानबेक यांना ओरमोनचा छातीवर हात ठेवून सलाम.

आधी सांगा, गुरं कशी आहेत? मेंढ्या धष्टपुष्ट, घोड्या दुभत्या, आणि तुमचा तो लंगडा बोकड अजून शेजाऱ्याच्या बागेत घुसतो ना? बरं. आता माणसं. विहीणबाईंचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागले असतील, त्यांना माझ्या बायकोचा निरोप की अस्वलाची चरबी चोळावी. (अस्वल मिळालं नाही तर मेंढीचीही चालते, फक्त तसं सांगू नये, म्हणजे गुण येतो.) तुमची लेक जुपार, म्हणजे आमची सून, ठणठणीत आहे, शाळेत शिकवते आहे, नातवंडं तिच्याच शाळेत धुमाकूळ घालताहेत. माझ्याशी मात्र ती सध्या फक्त गरजेपुरतं बोलते. का, ते सांगायलाच बसलोय.

तुम्हाला आमच्या डोक्यावरचं बर्फाचं तळं माहीतच आहे. आपल्या लहानपणी तिथं तळं नव्हतंच हो, नुसता बर्फ होता, बिचारा आपल्या जागी गप पडून असायचा. आता तो वितळतोय आणि तळं दर उन्हाळ्यात फुगतंय, रागावलेल्या सासूच्या गालासारखं. गेल्या वर्षी त्यातलं थोडं सांडलं, तेवढ्यानं खालची बटाट्याची शेतं चिखलाखाली गेली आणि पूल वाहून गेला. त्या वाटेवर आता पुढचं काय आहे? शाळा. तुमच्या लेकीची, माझ्या नातवंडांची. वर एक भिंत आणि पाणी काढायचा चर हवा. आमच्या जिल्ह्याच्या तिजोरीत म्हणाल तर उंदीरसुद्धा उपाशी मरतात.

अशात बातमी आली की परदेशातल्या मोठ्या बँकेच्या एक बाई स्वतः येणार. ओदील नाव त्यांचं. म्हणे जगातल्या पैशाची सगळी घडीच मुळापासून बदलायची आहे, गरीब देशांना कर्जाच्या ओझ्याखाली न चिरडता मदत करायची आहे, आणि त्यासाठी कागद न वाचता गावं डोळ्यांनी बघायची आहेत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि त्याच दिवशी, मी गावप्रमुख म्हणून, मला राजधानीतल्या टायवाल्या अधिकाऱ्याचा फोन: "ओरमोनभाऊ, परदेशी पाहुण्या येताहेत, गावाची लाज राखा."

आता तुम्हीच सांगा, किरगिझ माणसाला 'पाहुणा' आणि 'लाज' हे दोन शब्द एका दमात ऐकवल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर राहतं का? आम्ही पाहुण्यांसाठी तंबू उभारला. गावात होते नव्हते तेवढे शिर्दाक गालिचे त्यात अंथरले. घराघरातल्या रजया आणून मागच्या बाजूला छतापर्यंत चळत रचली (त्यातल्या अर्ध्या मुलींच्या हुंड्यासाठी जपून ठेवलेल्या, आयांनी डोळे पुसत दिल्या). तीन गल्ल्यांतले चहाचे समोवार एका रांगेत चकाकत होते. घोडी कापली. ती कुणाची, ते विचारू नका. मालक अजून मला बघून रस्ता बदलतो.

बाई आल्या. सडसडीत, साध्या, पायात चिखलाचे बूट, चेहरा अगदी मायाळू. त्यांना मानाच्या जागी बसवलं, अंगावर मखमली झगा चढवला, पुढ्यात मेंढीचं मुंडकं ठेवलं. त्या मुंडक्यानं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मुंडक्याकडे, आणि दोघांचेही डोळे पांढरे झाले. पण बाई शहाण्या, कानाचा एक तुकडा घेऊन चावत राहिल्या. मग आम्ही आपल्या रीतीनं वयाप्रमाणे, मानाप्रमाणे हाडं वाटली, तर त्यांना भारी कौतुक. जुपार दुभाषी होती. बाई म्हणाल्या, आमच्या बँकेत मतं पैशाप्रमाणे मिळतात, तेच तर बदलायचंय. मी म्हटलं, म्हणजे ज्याच्याकडे जास्त मेंढ्या त्यालाच मांडी, आणि ज्याचं पोट रिकामं त्याला नुसता रस्सा? बाई म्हणाल्या, अगदी तसंच. मला धक्काच बसला. एवढी शिकलेली माणसं, आणि जेवायला वाढायची साधी रीत नाही!

आणि मग तो घात झाला. बाईंनी रजयांच्या चळतीकडे पाहिलं, गालिच्यांवर हात फिरवला आणि जुपारला विचारलं, "प्रत्येक घरात असं असतं?" पोरगी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की गावातले सगळे म्हातारे कान टवकारून बसलेत. पाहुण्यासमोर 'हे उसनं आहे' म्हणायचं? त्यापेक्षा तळं फुटलेलं बरं! मी मोठ्यानं म्हटलं, "सांग त्यांना, अल्लाच्या कृपेनं सगळ्यांच्याच घरी असतं. काहींच्या घरी तर याहून जास्त." म्हाताऱ्यांनी दाढ्या हलवल्या. जुपारनं माझ्याकडे असं पाहिलं की मी घोडीच्या आंबट दुधाच्या, कुमीसच्या वाडग्यात तोंड खुपसलं. पण सासऱ्याचा शब्द कसा मोडणार? तिनं तेच सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. जाताना बिचाऱ्या गहिवरल्या, मला वाटलं भिंत झाली.

महिन्याभरानं टायवाल्याचा फोन आला. मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तो लावला. "अभिनंदन, ओरमोनभाऊ! तुम्ही गरीब नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुरुलनं, म्हणजे तुमच्या विहिणीनं, आनंदानं कणकेचे बोर्सोक तळायला घेतले. आमच्या सात पिढ्यांत असा दाखला कुणी दिला नव्हता हो! पुढचं ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. फुकटची मदत फक्त अतिगरीब गावांना. आम्ही त्या यादीतून वगळलो गेलो. आम्हाला मिळणार कर्ज, तेही डॉलरात, व्याजासकट, आणि आपला सोम डॉलरपुढे घसरला तर फेड फुगणार, तळ्यासारखी.

मी म्हटलं, अहो साहेब, त्या तळ्याचा बर्फ काय आम्ही वितळवला? आमच्या गावात धूर फक्त समोवारचा निघतो. ज्यांच्या कारखान्यांनी जग तापवलं त्यांच्याकडून आम्ही व्याजानं पैसे घ्यायचे? तो म्हणाला, हे सगळं बदलायचं चाललंय, बैठका सुरू आहेत. आणि यात एक मोठी सुधारणाही झालीये म्हणे: तळं फुटलं तर दोन वर्षं हप्ते थांबतील. म्हणजे भिंत वाहून गेली की तिचे हप्ते लगेच द्यायचे नाहीत. वर आणखी एक निधी आहे, तो नुकसान भरून देतो, बिनव्याजी. मी हरखून म्हटलं, मग तोच द्या की! तर म्हणे, त्यासाठी आधी नुकसान व्हावं लागतं.

व्याही, मी आ वासून उभा राहिलो. बोर्सोक करपले. तेव्हा जुपार पुढे झाली. घरात वर मान करून न बोलणारी पोर, सगळ्या गावासमोर मला म्हणाली, "बाबा, माझ्या वर्गातली पोरं तुम्ही त्या रजयांखाली पुरलीत." आणि रडत शाळेकडे निघून गेली. एवढं बोलल्यावर एखाद्या सासऱ्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. मी आपला टोपी काढून बसून राहिलो. खरंच होतं.

नंतर कळलं, तिनं परस्पर ओदीलबाईंना फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. रजया कुणाच्या, समोवार कुणाचे, घोडी कुणाची. बाईंनी म्हणे तेही सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, मी पुन्हा येते, पानगळीच्या आत, पण या खेपेला घरं जशी आहेत तशीच बघेन. आता माझ्या डोळ्याला डोळा नाही. बाकी सगळं क्षेम. तुमच्या उंबऱ्याला सदैव पाहुणे आणि पाहुण्यांना सदैव भूक लाभो.

आपला,
ओरमोन (सध्या गावात तोंड लपवून)

ता. क. ते भुकेचं आत्ताच लिहिलं त्याला कारण आहे. बाईंची गाडी तुमच्या गावावरूनच येणार. त्यांना तिथं उतरवून घ्या आणि इतकं जेवू घाला, इतकं जेवू घाला, की आमच्याकडे पोचल्यावर पाण्याचा घोटही नको वाटला पाहिजे. म्हणजे आम्ही काही वाढलं नाही तरी आमची अब्रू राहील आणि गरिबी नीट दिसेल. (घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणत असाल. म्हणा. पण वाढा.)

ता. क. पत्र बुरुलनं वाचलं. म्हणते, माझ्या दारातून पाहुणी उपाशी गेली तर मी स्वतः त्या तळ्यात उडी घेईन. मेंढा तिनं आधीच वेगळा बांधलाय. शेजारणीकडे गालिचाही मागून ठेवलाय, "एकच" म्हणे. तेव्हा तुमच्याकडे दुप्पट वाढा, आणि जमलं तर गाडी संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवा, म्हणजे अंधारात गालिचा दिसणार नाही.

ता. क. एवढं सगळं करूनही भिंत झाली नाही, तर पुढच्या उन्हाळ्याच्या आधी येऊन जुपारला आणि पोरांना तुमच्याकडे घेऊन जा. मी तिला हे विचारून झालंय. म्हणाली, "माझी दोन नेते, आणि बाकीच्या पोरांना बाकांवर ठेवू?" मी सासरा, मला तिनं गप्प केलं. तुम्ही बाप आहात, तुम्हीही विचारून बघा. पण ती येणार नाही, व्याही. लेक तुमचीच आहे, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा बाईंना पोटभर जेवू घाला.