अध्यक्षपदाचा एकमेव उमेदवार

२ जानेवारी, सकाळी ७.१०
पारा शून्याखाली, मनोबल शून्याच्या पुष्कळ वर. नववर्षाचा संकल्प एकच: नेतृत्व. गेली एकोणीस वर्षे आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या अध्ययन केंद्राचा समन्वयक या नात्याने मी प्रच्छन्न नेतृत्व केले. ते इतके प्रच्छन्न होते की कोणाच्याही ध्यानात आले नाही. आता प्रकट व्हायचे.
उपसंकल्प: रोज व्यायाम. (उद्यापासून. आज ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, तोच पुरे.)

८ जानेवारी
डीनबाईंनी, म्हणजे डॉ. रेनाटा ऑयलर यांनी, बोलावले. त्यांचे म्हणणे असे: मे महिन्यात निर्णय होईल. एक तर आमचे केंद्र स्वतंत्र राहील आणि त्याला संचालक मिळेल, नाही तर ते लायब्ररीच्या पोटात जाईल. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, लाइल, कॉलेजबाहेर तुम्हाला कोणी ओळखतं का?
मी म्हणालो, एप्रिलपर्यंत ओळखतील.
लाइल हेंडरशॉट, संचालक. आठ-दहा वेळा लिहून पाहिले. अक्षर आपोआप सुधारते.

९ जानेवारी
मार्ग सापडला. राज्याचा अध्ययन-शिक्षक संघ. आयोवातल्या कॉलेजांतून जे लोक आमच्यासारखी शिकवणी-केंद्रे चालवतात त्यांची ही संघटना. सदस्य एक्केचाळीस, ईमेलला उत्तर देणारे नऊ. एप्रिलच्या अधिवेशनात नवा अध्यक्ष निवडायचा आहे. विद्यमान अध्यक्ष वेंडेल ब्रँड्सगार्ड. नियमाप्रमाणे कारकीर्द एक वर्षाची, वेंडेलचे हे सहावे. पदाचा मोह माणसाला किती घट्ट धरून ठेवतो!
त्याला फोन करून उमेदवारी कळवली. तो म्हणाला, देवमाणसा, तू शुद्धीवर आहेस ना? नंतर बायकोला हाक मारून त्याने काहीतरी सांगितले आणि तिकडून टाळ्या ऐकू आल्या.
स्पर्धकाने केलेले इतके दिलदार स्वागत मी प्रथमच अनुभवले.

१६ जानेवारी
अन्य एकही अर्ज नाही. माझ्या नावाचा दरारा.
कॉर्लिसला, म्हणजे माझ्या पत्नीला, ही वार्ता दिली. ती ओव्हनमधून भाजलेल्या कॅसरोलचे भांडे काढत होती. म्हणाली, एकटाच धावतोयस म्हणजे पहिला येशीलच असं नसतं, लाइल; लोक शर्यतच बंद करतात कधीकधी. तिच्या स्वभावात हा नैराश्याचा अंश माहेरून आलेला आहे.

२२ जानेवारी
नेतृत्वाचे तत्त्वज्ञान निश्चित केले. ते आमच्या व्यवसायातच अंतर्भूत आहे. शिकवणीचा पहिला दंडक: पेन्सिल विद्यार्थ्याच्याच हातात राहिली पाहिजे. उत्तर कदापि द्यायचे नाही. प्रश्नाला प्रश्नाने सामोरे जायचे, म्हणजे समोरच्याची वाढ होते. हाच दंडक यापुढे मी सर्व मानवी व्यवहारांना लावणार.
संध्याकाळी कॉर्लिसने विचारले, कचरा बाहेर ठेवलास का? मी विचारले, तुझ्या मते या प्रसंगी पहिली पायरी कोणती? कचरा तिने स्वतःच नेऊन ठेवला.

२९ जानेवारी
डीनबाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मागच्या सत्रात केंद्रात किती विद्यार्थी आले, असे विचारले. सुवर्णसंधी. मी प्रसन्न मुद्रेने प्रतिप्रश्न केला: तुम्हाला काय वाटतं?
त्या म्हणाल्या, मला वाटतं तुम्हाला माहीत नाही.
चिंतन करण्यास त्या प्रवृत्त झाल्या, हे काय थोडे?

५ फेब्रुवारी
मार्व्हा चाडेन केंद्रात गणित पाहतात. वय चौसष्ट, अर्धवेळ, घरी डुकरे आणि चार नातवंडे. त्यांनी आज माझ्या टेबलावर एक फॉर्म आणून ठेवला. आमच्या शिकवणाऱ्या मुलांना रीतसर प्रशिक्षण दिले जाते, असे राष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र केंद्राला आहे. १ मार्चपूर्वी त्याचे नूतनीकरण व्हायला हवे. मार्व्हाबाई म्हणाल्या, बाबा रे, प्रशिक्षणाचे सगळे तास मी भरलेत, चौथ्या पानावर तुझी सही तेवढी राहिलीय. तुझीच लागते, माझी चालत नाही.
मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवून म्हणालो, मार्व्हा, या प्रक्रियेची मालकी तुमची आहे. पुढं काय करायचं ते तुम्हीच शोधा.
त्यांनी फॉर्मकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवला. त्याच्यावर पेन ठेवले. अंतर्मुख झालेल्या दिसल्या.

१४ फेब्रुवारी
अधिवेशनात माझे व्याख्यान स्वीकारले गेले. विषय: ‘नेतृत्वाचे आत्मभान: व्यावसायिक वृद्धीची सप्तपदी’. आतापर्यंत पावले तीन. उरलेली चार सुचतील.
कॉर्लिसला आजच्या दिवसाचे कार्ड द्यायचे राहिले. ते का राहिले यावर तिने स्वतः विचार करावा, असे मी सुचवले. रात्रीचे जेवण मी एकट्याने केले.

२१ फेब्रुवारी
स्लाइड्स चौऱ्याऐंशी. आशय येऊ घातला आहे.
फॉर्म टेबलावरच. मार्व्हाबाई येता-जाता त्याच्यावर बोटाने टकटक करतात. चिंतन चालू आहे.

२७ फेब्रुवारी
मार्व्हाबाईंना स्नेहाने विचारले, फॉर्मच्या बाबतीत तुमच्या मते आता पुढची पायरी कोणती?
त्या म्हणाल्या, तू चौथ्या पानावर सही करणं.
उत्तर संपूर्ण बरोबर, आणि ते त्यांनी स्वबळावर शोधले! मी मनापासून अभिनंदन केले. सही मात्र केली नाही. इतक्या सुंदर प्रक्रियेचा शेवटचा टप्पा मी हिरावून घेणे अनुचित ठरले असते.

१ मार्च
दिवसभर सप्तपदीचे पाचवे पाऊल. ‘तत्परता’ असे नाव योजले आहे.

४ मार्च, दुपारी
ईमेल आले. आमच्या केंद्राचे प्रमाणपत्र रद्द झाले आहे. नव्या अर्जाचा विचार सप्टेंबरमध्ये.
मार्व्हाबाईंना विचारले, हे तुम्ही कसं होऊ दिलंत? त्या सफरचंद कापत होत्या. कापता कापता म्हणाल्या, तूच शिकवलंयस ना मला, समोरचा बुडत असला तरी पेन्सिल त्याच्याच हातात ठेवायची म्हणून? मी ठेवली. पेनसुद्धा ठेवलं. आणखी काय, तुझा हात धरून गिरवून घेऊ?
तत्त्वतः त्यांच्याशी मतभेद व्यक्त करता आला नाही.
असो. कागदाने माणूस मोठा होत नाही.

६ मार्च
वेंडेलचा फोन. आवाज काळजीचा. म्हणाला, लाइल, तुमचं प्रमाणपत्र गेलं म्हणे? अरे, संघाच्या घटनेतलं सातवं कलम काय म्हणतं? ज्याच्या केंद्राचं प्रमाणपत्र चालू नाही त्याला अध्यक्ष होता येत नाही. कुठल्या महामूर्खाने घातलंय हे कलम?
दोन वर्षांपूर्वी घटना-सुधारणा समितीचा अध्यक्ष मी होतो. सदस्यही मीच.
मी म्हणालो, त्यामागे काही उदात्त हेतू असावा.
मग कलम बदलूया, तो म्हणाला. तेव्हा मला नववे कलम आठवले: घटनेत बदल करायचा तर सदस्यांना साठ दिवसांची नोटीस द्यावी. अधिवेशनाला चव्वेचाळीस दिवस. नववे कलमही माझेच. भाषा अत्यंत निर्दोष. पळवाट शोधण्यासाठी तीनदा वाचले, सापडली नाही. एका लेखकाला अभिमान वाटावा असा तो क्षण होता.

१३ मार्च
योजना तयार. अधिवेशनात ठराव मांडायचा: निवडणूक सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी, तोवर वेंडेलने सांभाळावे. मग मी बिनविरोध. डीनबाईंना ‘भावी अध्यक्ष’ एवढे सांगितले तरी पुरे होईल. मे महिन्यात संचालकपद मिळेल. योजनेत दोष दिसत नाही. सदस्यांना पाठिंब्यासाठी एक्केचाळीस ईमेल.

२० मार्च
उत्तरे दोन. एका बाईंनी लिहिले, मी २०१९ सालीच निवृत्त झाले, पण शुभेच्छा. दुसरे सुट्टीवर असल्याचे आपोआप येणारे उत्तर. वातावरण अनुकूल.

१८ एप्रिल, डेस मॉइन, हॉटेलची खोली
मार्व्हाबाई आणि मी गाडीने आलो. अडीच तास त्या स्वेटर विणत होत्या आणि मी भाषणाचा सराव करत होतो. एकदाच म्हणाल्या, हे सगळं तू उद्या त्यांनाही ऐकवणार? मी हो म्हटल्यावर त्यांचा विणकामाचा टाका चुकला आणि त्यांनी ओळ उसवली.

१९ एप्रिल, सकाळी १०
व्याख्यान झाले. श्रोते तीन. एक मार्व्हाबाई, दुसऱ्या बाई लॅपटॉप चार्ज करायला प्लग शोधत आल्या होत्या, तिसरे गृहस्थ पाचव्या पावलावर उठून दुसऱ्या खोलीत गेले, परंतु दार हळू लावले. उपस्थिती मोजकी, म्हणून चर्चेला खोली आली. चर्चा झाली नाही.

१९ एप्रिल, दुपारी ३, गाडीत बसण्यापूर्वी
घडले ते क्रमाने लिहितो. क्रम ठेवला की घटना सुसह्य होते.
११.४० ला सर्वसाधारण सभा. हजर बारा. बारा वाजता जेवण, त्यामुळे सर्वांचे लक्ष दाराकडे. वेंडेल उभा राहिला. म्हणाला, मंडळी, पर्याय दोन. लाइल सप्टेंबरमध्ये पात्र होईपर्यंत वाट बघायची, आणि तोवर अध्यक्षपद कुणीतरी सांभाळायचं; किंवा संघ आजच विसर्जित करून शेजारच्या नेब्रास्काच्या संघात सामील व्हायचं. पहिला पर्याय निवडलात तर सांभाळणारा मी नाही. सहा वर्षं झाली. बायकोने फिरायच्या कॅम्पर गाडीत सामान भरलंय, ती खाली पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसलीय.
मी चौदा मिनिटे बोललो. संघाची परंपरा, वृद्धी, सप्तपदी. दहाव्या मिनिटाला सीडर रॅपिड्सच्या एका बाईंनी विचारले, लाइल, जेवणात हॅम आहे की टर्की, काही कल्पना? मी, सवयीने, म्हणालो, तुम्हाला काय वाटतं? मागून कोणीतरी म्हणाले, बघा, हा सप्टेंबरपर्यंत असाच बोलणार.
मतदान हात वर करून. संघ चालू ठेवावा: एक. विसर्जन करावे: अकरा.
तो एक हात माझा. अकरांत मार्व्हाबाईंचा होता. मी मोजले, म्हणून ठाऊक आहे. अन्यथा पाहिले नसते.
सभा ११.५९ ला संपली. हॅम होते.

१९ एप्रिल, रात्री ९, घरी
परतीच्या वाटेवर मार्शलटाउन गाव मागे पडले. मार्व्हाबाई म्हणाल्या, रागावलायस ना? रागाव. पण सप्टेंबरपर्यंत तू आणखी चार समित्या काढल्या असत्यास, बाबा रे, आणि त्या चारही समित्यांत मला बसवलं असतंस. मला सप्टेंबरात अपूर्णांक न येणारी पोरं बघायची असतात.
थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत: तू आलास त्या वर्षी बीजगणिताला बसायचास ना त्या कोपऱ्यात, रांग लागायची तुझ्यापुढे. काय छान शिकवायचास! ते कधी सोडलंस रे?
प्रश्न मुक्तोत्तरी होता, रचना उत्तम होती. विचारणाऱ्याने उत्तर सुचवलेले नव्हते. व्यावसायिकदृष्ट्या मी त्याची प्रशंसा केली.
उत्तर दिले नाही. घरापर्यंत शोधत होतो.

२२ एप्रिल
डीनबाईंना सविस्तर अहवाल पाठवला. ‘संघाच्या ऐतिहासिक संक्रमणात निर्णायक सहभाग’ असे शीर्षक. त्यांचे उत्तर एका ओळीचे: म्हणजे संघ आता नाही ना?
याला प्रतिप्रश्न सुचला नाही. हो, असे लिहिले. बऱ्याच वर्षांत मी दिलेले हे पहिले सरळ उत्तर असावे.

७ मे
निर्णय आला. ईमेल माझ्या नावाने नव्हते. केंद्राच्या सामायिक पत्त्यावर, ‘डेस्कवर जे कोणी असतील त्यांना’. जुलैपासून केंद्र लायब्ररीत. आमची खोली रिकामी करायची. तिथे खुर्च्या ठेवणार. लायब्ररीत खिडकीजवळ दोन टेबले मिळतील. संचालक नाही, समन्वयकही नाही. दोन टेबलांची जबाबदारी घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव शुक्रवारी पाचपर्यंत कळवावे. दुसऱ्या व्यक्तीच्या नोकरीबाबत कॉलेजचे कर्मचारी खाते स्वतंत्रपणे बोलेल.
आम्ही दोघांनी एकाच पडद्यावर वाचले. मार्व्हाबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, तुझं लिहू? माझं काय, डुकरं आहेत मला.
मी म्हणालो, मला शुक्रवारपर्यंत विचार करू द्या. दोन टेबले म्हणजे पदाची अवनती की नव्या स्वरूपातले नेतृत्व, हे आधी ठरायला हवे.
कॉर्लिसला सांगितले. ती माझ्याजवळ येऊन बसली, जे सहसा करत नाही. म्हणाली, लाइल, हो म्हण. आजच म्हण. फोन कर त्या डीनबाईला.
उद्या करीन, म्हणालो.

८ मे
एका बाजूला पदावनतीचे मुद्दे, दुसऱ्या बाजूला नेतृत्वाचे. दोन्हीकडे सहा-सहा.

९ मे
सातवा मुद्दा शोधत आहे.

१० मे, शुक्रवार, सायंकाळी ५.२०
साडेचारला मार्व्हाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. विचारले, ठरलं का? मी म्हणालो, जवळजवळ. त्या पाच वाजेपर्यंत तिथेच उभ्या होत्या. मग जाऊन डेस्कवर बसल्या.
त्यांनी स्वतःचे नाव कळवले. पाठवण्यापूर्वी ईमेल मला दाखवले.
काळजीपूर्वक वाचले. दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.