बाटलीत घातलेली भर

१९ जून, गुरुवार

थेंबे,

नमस्कार, तब्येत बरी ना, घरी सगळे मजेत ना, हे सगळं मी विचारलं आणि तू उत्तर दिलंस असं समज. नऊ वर्षांनी पत्र लिहिताना त्या ओळी लिहायला हात धजत नाही. 'थेंबे' म्हटलेलं चालेल ना अजून? मीच ठेवलेलं नाव. आम्ही सगळे भसाभसा ब्युरेटची तोटी सोडून मोकळे व्हायचो, आणि तू शेवटचा अर्धा थेंब नळीच्या तोंडाशी लोंबता धरून फ्लास्कच्या कडेला हलकेच टेकवायचीस. तोवर आमचा चहा पिऊन व्हायचा.

पत्राचं कारण आधी सांगते, नाहीतर मी चार पानं इकडचं तिकडचं लिहीत बसेन. काल तुझ्या नावाचा एक फॉर्म आला. तू त्या नव्या कारखान्याच्या लॅबमध्ये अर्ज केलायस, आणि त्यांनी पडताळणीसाठी आम्हाला विचारलंय. नोकरी का सुटली? नोंदींवर भरवसा ठेवता येईल का? सोमवारपर्यंत उत्तर हवंय, आणि ते आल्यावरच तुला घ्यायचं की नाही ते ठरणार. अर्जात 'ओळखीची व्यक्ती' म्हणून तू माझं नाव दिलंयस. नात्याच्या रकान्यात 'मैत्रीण'. अगं बाई, जगात दुसरं कोणी सापडलं नाही का तुला?

इकडची हालहवाल सांगायची तर मी आता प्रयोगशाळाप्रमुख आहे. खुर्चीला चाकं आहेत, एवढाच फरक. आपण अठरा जण होतो, आता सात उरलोय. त्यातले चार कंत्राटी. बाकीच्यांच्या जागी दोन यंत्रं आली. नमुना ठेवा, बटण दाबा, आकडा छापून बाहेर. मुख्य कार्यालय उंटावरून शेळ्या हाकतं: कमी माणसांत जास्त नमुने करा, वेळेत करा, हसत करा. हसायचं तेवढं जमत नाही. चाळिशीतली चांगली चांगली माणसं नोकरी शोधत फिरतायत, आणि मुलाखतीला गेलं की विचारतात, पगार किती कमी घ्याल?

आणि दर सहा महिन्यांनी लॅबला एक प्रशिक्षण असतं. विषय, नोंदींमधला प्रामाणिकपणा. शिकवतं कोण? मी! पडद्यावर लिहिलेलं असतं, 'चूक झाली तर लगेच सांगा, लपवू नका.' मी ते मोठ्याने वाचते आणि मग पाणी पिते. सगळ्यांना वाटतं मॅडमचा घसा बसलाय.

थकले गं. गुडघे, पाठ वगैरे आहेच, पण त्याला औषध असतं.

फॉर्मबद्दल मनुष्यबळ विभागातली मुलगी म्हणाली, "मॅडम, 'जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत' असं लिहा ना, सुटलात." मोठे साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. गाडलेली मढी कशाला उकरताय?" दोघांचंही बरोबर आहे. तेवढ्या एका ओळीने माझी सुटका होते. तुझी मात्र नोकरी जाते, कारण अशा ओळीचा अर्थ काय घ्यायचा ते आपल्या धंद्यात सगळ्यांना कळतं.

आता बस झालं. घरी जायची बस यायची वेळ झाली.

२१ जून, शनिवार

परवाचं वाचलं. सगळं लिहिलंय, फक्त लिहायचं तेच नाही. आज सुट्टी आहे, नवरा बाजारात गेलाय, तेव्हा आता सबब नाही.

कॉस्टिकची ती मोठी बाटली आठवते ना? रोजच्या टायट्रेशनची, थेंबथेंब सोडून माल किती शुद्ध ते मोजायची. नवं द्रावण केलं की त्याची खरी ताकद तीनदा तपासायची आणि तो आकडा बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहायचा. जुन्यात नवं कधीही मिसळायचं नाही. हे मी तुला सांगणं म्हणजे कहरच आहे, पण फॉर्मलाही हेच जोडलंय, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

त्या दिवशी द्रावण करायची पाळी माझी होती. बाटलीत बोटभर उरलं होतं. नवं केलं, तेवढ्यात बसचा भोंगा झाला. बाटली रिकामी करा, धुवा, तीनदा तपासा, म्हणजे बस गेलीच. मी नवं द्रावण तसंच त्या बाटलीत ओतलं. चिठ्ठी जुनीच ठेवली. म्हटलं, उद्या सकाळी बघू. सकाळी तीन टँकर आले आणि माझ्या डोक्यातून ते साफ गेलं.

पुढचे पंधरा दिवस त्या बाटलीवर तू काम केलंस. द्रावण फिकं, त्यामुळे जास्त लागायचं, आणि जास्त लागलं म्हणजे माल शुद्ध, या हिशेबाने माल होता त्यापेक्षा चांगला दिसायचा. तुला शंका आली होती. "आकडे जरा चढेच बसतायत गं," असं तू दोनदा म्हणालीस. मी म्हटलं, तुला सगळ्यातच खोट दिसते.

मग गिऱ्हाइकाने अकरा लॉट परत पाठवले. मला त्याच क्षणी कळलं. सगळे जेवायला गेल्यावर मी एकटीने बाटली तपासली. दोन टक्के कमी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. तेवढं मात्र नियमाने केलं बघ! आणि मग बाटली सिंकमध्ये ओतली, धुतली, उपडी घातली.

चौकशीत तू एकच सांगत राहिलीस, बाटली तपासा. बाटली कोरडी ठणठणीत. मला विचारलं, कोणी धुतली? मी म्हटलं, रोजच्या धुण्यात गेली असेल. त्यापुढे मूग गिळून बसले. त्यांनी लिहिलं, विश्लेषकाने चाचणी न करताच आकडे भरले. तू! अर्ध्या थेंबासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणारी तू, आणि मनाने आकडे भरणार!

इतकं तर कदाचित तू कधीतरी ताडलंही असशील. याच्या पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

शेवटच्या दिवशी गेटवर तू मला बाजूला घेतलंस. ओरडली नाहीस, रडली नाहीस. नुसतं विचारलंस, "खरं सांग, बाटलीत भर घातली नव्हतीस ना?" आणि मी तुझा हात धरून म्हटलं, "नाही गं. शप्पथ." मग म्हणालीस, "मग माझंच काहीतरी चुकत असणार." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेलीस. तू गेलीस तेव्हा मला काय वाटलं माहितीये? सुटले, असं वाटलं. याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त आहे.

नवऱ्याला परवा पहिल्यांदाच सांगितलं. तो म्हणाला, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझी. आत्ताच का आठवलं?" आठवलं नाही, आठवायला विसरले कधी होते! पण काल तुझा अर्ज पुन्हा वाचला. शेवटी तू स्वतःच्या अक्षरात लिहिलंयस, 'कागदपत्रांचं काम द्यावं. प्रत्यक्ष चाचणीचं काम नको, हाताचा भरवसा वाटत नाही.' ती ओळ वाचली आणि मग कुठलीच सबब सुचेना.

फॉर्म भरलाय. नोकरी सुटण्याचं कारण: 'माझी चूक तिच्यावर आली, आणि मी ती येऊ दिली.' नोंदींवर भरवसा: 'माझ्यापेक्षा जास्त.' सोबत दोन पानं जोडून, सही करून मघाशीच कुरिअरने पाठवून आले, सोमवारी पोचेल. सोमवारी तीच दोन पानं मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. मग खुर्ची राहील न राहील. घरात अबोला सुरू झालाच आहे.

माफ कर असं म्हणत नाही. उत्तर दे असंही म्हणत नाही. फक्त एक ऐक. त्यांनी चाचणीचं काम दिलं तर घे. त्या पंधरा दिवसांतली तुझी सगळी रीडिंग मी नंतर बाटलीच्या त्या तीनदा तपासलेल्या खऱ्या ताकदीने पुन्हा मांडून पाहिली होती, कोणाला न सांगता. अकराच्या अकरा लॉट गिऱ्हाइकाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे.

तुझा हात एकदाही चुकला नव्हता.

'तुझी' लिहायचा हक्क घालवून बसलेली,

मी