ज्याने विणलं त्याने आधी बसायचं

३ मे. बसमध्ये.
या सुट्टीत आयुष्य बदलणार. प्लॅन तयार आहे. सकाळी पाचला उठणे, व्यायाम, दिवसभर काकांच्या वेताच्या खुर्च्यांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी भटकंती, झोपण्याआधी वाचन. काका म्हणजे आत्याचे यजमान. कॉलेजने सांगितलंय, सुट्टीत हाताने एक वस्तू बनवा आणि फोटो आणा. बाकीचे कागदाची फुलं आणतील. मी फर्निचर आणणार.
शेजारी छोटी. बारा वर्षांची बहीण म्हणजे सुट्टीतलं जादा सामान. तिने आपला ड्रॉइंग बोर्ड सगळा प्रवास मांडीवर धरलाय. जाडजूड लाकडी फळा, त्याचा कोपरा माझ्या बरगडीत. कोपऱ्यावरचा निळा रंग माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला. सुट्टीत रोज एक चित्र काढणार म्हणे. मी म्हटलं, संकल्प करणं सोपं, टिकवणं अवघड. तिने पेन्सिलीला टोक काढलं. पटलं असावं.

४ मे.
पाचला उठलो नाही. प्रवासाचा शीण. उद्यापासून.
आजोबा हॉस्पिटलात आहेत. बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. सोळा तारखेला इथे, आत्याकडेच परत येणार. त्यांची उंच बैठकीची, हातांची वेताची खुर्ची खिडकीपाशी आहे. डॉक्टरांनी बजावलंय, खाली बसायचं नाही, मऊ सोफ्यात तर नाहीच, ही खुर्चीच योग्य. आणि पुन्हा पडले तर चालणं विसरा. हे सांगताना आत्याने स्वच्छ असलेली खुर्ची पुन्हा पुसली.

५ मे.
छोटासा अपघात. माळ्यावरून बॅडमिंटनची रॅकेट काढायची होती (व्यायाम). स्टूल सापडेना म्हणून आजोबांच्या खुर्चीवर उभा राहिलो. बैठक फाटली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आरपार.
वेत मुळातच जुना होता. आज ना उद्या फाटणारच होता. आजोबा बसलेले असताना फाटला असता तर? एका अर्थी मी त्यांना वाचवलं. आत्याला हे समजावून सांगितलं. तिने वेताचे तुकडे गोळा केले आणि आत गेली.
काकांकडे हॉटेलची मोठी ऑर्डर, त्यात त्यांचा विणणारा माणूस लग्नाला गेलेला. मी म्हटलं, बैठक मी विणतो. काका म्हणाले, जमेल? मी म्हटलं, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.
आत्या आतून म्हणाली, “पडणार तू नाहीस, माझे वडील आहेत.”
तिचा स्वभाव काळजीचा आहे. काम मिळालं.

६ मे.
कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. सगळीकडे पॉलिशचा वास. काकांनी एकदा करून दाखवलं. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवायच्या. मऊ झाल्या की ओल्याच विणायच्या, वाळल्या की त्या आपोआप आवळतात. आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या. चौकटीच्या भोकात खुंटी ठोकून ताण धरायचा.
आणि कारखान्याचा एक नियम आहे. ज्याने विणलं त्याने आधी बसायचं, सगळ्यांसमोर. त्याशिवाय खुर्ची गिऱ्हाइकाला मिळत नाही. काकांच्या वडिलांपासून चालत आलेला नियम. चांगला आहे. मला व्यक्तिशः काही अडचण नाही.

८ मे.
भिजवणं बंद केलं. हात सुरकुततात, पट्टी निसटते. शिवाय ओली वस्तू कुजते हे शेंबडं पोरही सांगेल. जुन्या लोकांनी या गोष्टी तपासलेल्या नसतात. कोरडा वेत विणतोय, स्पीड दुप्पट. मधूनच पट्टी तडकते, तिथे डोक्याचं तेल चोळतो. काय चमक आलीय.
छोटीने समोर बसून आज माझंच चित्र काढलं. त्यात माझी जीभ बाहेर आलेली आहे. निरीक्षण कच्चं.

१० मे.
तिरप्या पट्ट्या अर्ध्या वाटेत दिशा बदलतात. मध्ये एक मोठं भोक उरलं. त्याला डिझाइन म्हणतात. काका म्हणाले, आण बघू इकडे. मी म्हटलं, कलाकार अर्धवट काम दाखवत नाही. काका पॉलिशचे हात पुसायला लागले.
उद्या ते ऑर्डर पोचवायला परगावी जाणार, येणार पंधराला. म्हणजे मला शांतपणे काम करता येईल.

१२ मे.
खुर्ची पूर्ण! घरी आणून खिडकीपाशी ठेवली. आत्या म्हणाली, बस बरं तू त्यात. मी म्हटलं, नियम सगळ्यांसमोर बसण्याचा आहे, काका इथे नाहीत, मग सगळे कसे होणार? नियम म्हणजे नियम. वेळ छान मारून नेली. म्हणजे, मुद्दा नीट मांडला.
जेवताना खुर्चीतून ‘टक्’ असा आवाज आला. तिच्यात कोणी बसलेलं नव्हतं. वेत सेट होतोय.

१३ मे.
टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दर वेळी आत्याचा घास हातातच थांबतो. मी म्हटलं, नव्या घराचं लाकूडसुद्धा वाजतं. ती म्हणाली, वाजत असेल, पण त्या घरात तू उद्या म्हाताऱ्या माणसाला बसवणार नसतोस.
छोटी म्हणाली, दादा, खालून पट्टी लोंबतेय. कात्रीने कापली. आता लोंबत नाही.
आजपासून अर्धंच जेवणार. खुर्चीचा आणि वजनाचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात हलकं खावं.

१४ मे. सकाळी.
पाचला उठलो. संकल्प पूर्ण. खरं तर झोपच लागली नव्हती.
सगळे झोपलेले असताना बैठकीवर तळहात ठेवून दाबून पाहिलं. फार नाही, दारावरची बेल दाबतो तेवढंच. दोनदा टक् झालं. हात मागे घेतला. अर्धं जेवल्याने जोर राहत नाही.
काकांना फोन लावला. त्यांनी उचलल्यावर विचारलं, तिकडे ऊन कसं आहे? ते म्हणाले, आहे. मग ठेवला.

१५ मे.
आज तलावावर गेलो. कारागिराने हातांना विश्रांती द्यावी. छोटीला चल म्हटलं तर तिचं पोट दुखत होतं. कालपर्यंत तलाव तलाव करत होती.
एकट्याने बोटीत बसलो. बोटीची फळी पायाखाली टक् वाजली आणि मी उभाच राहिलो. बोटवाला ओरडला, बसा हो. तिथेच ठरवलं, घरी गेल्या गेल्या आत्याला सांगायचं. चुकलं वगैरे नाही. एवढंच की नवीन वेताला थोडी विश्रांती लागते, तोवर आजोबांना दुसऱ्या कशावर तरी बसवा. वाक्य तोंडपाठ केलं.
परत आलो तर काका आलेले. आणि माझ्या खुर्चीवर गादी! आत्याने जुन्या पडद्याची जाड गादी शिवलीय आणि ती नाड्यांनी चारी पायांना करकचून बांधून टाकलेली. सगळी कलाकुसर झाकली गेली. मी निषेध नोंदवला. आत्या म्हणाली, त्यांना टोचायला नको. आणि गादी सोडायची नाही, सांगून ठेवते. छोटीचं पोट बरं झालं होतं.
या गडबडीत माझं वाक्य राहून गेलं. उद्या सकाळी नक्की.

१६ मे.
सकाळी आत्या घाईत होती.
अकराला आजोबा आले. केवढे वाळलेत. वॉकर धरून दारापासून खिडकीपर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला की मी तेवढ्यात सगळं सांगू शकलो असतो. आजोबा खुर्चीपाशी पोचले, वळले, हात मागे नेला, आणि माझ्या तोंडून निघालं, “थांबा.”
सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाठ केलेलं वाक्य आठवेना.
काका म्हणाले, “बरोबर आहे. ज्याने विणलं त्याने आधी बसायचं.”
आजोबा वॉकर धरून उभे. त्यांचे हात थरथरत होते. आता मागे हटणं शक्य नव्हतं. डोळे मिटले आणि बसलो.
काहीही झालं नाही! टक् नाही, काही नाही. खाली एकदम टणक. उठून पुन्हा बसलो. तिसऱ्यांदा बसणार होतो, पण आत्या म्हणाली, पुरे, ते उभे आहेत.
आजोबा बसले. हुश्श केलं. खुर्चीच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि म्हणाले, चांगली घट्ट झालीय. का कोण जाणे, बघत मात्र छोटीकडे होते.
कोरडा वेत! सिद्ध झालं. जेवण पूर्ण जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

१८ मे.
काकांना सुचवलं, तुमच्या भिजवण्याच्या पद्धतीवर फेरविचार करा. ते म्हणाले, करतो. मग मला सँडपेपर दिला आणि खुर्च्यांचे पाय घासायला सांगितलं. म्हणजे थेट फिनिशिंग डिपार्टमेंट. बढतीच.

२१ मे.
छोटी हल्ली जमिनीवर पालथी पडून चित्रं काढते. बोर्ड कुठाय विचारलं तर म्हणाली, ठेवलाय. म्हणजे हरवला. तिच्या प्रत्येक चित्रात आकाशातून एक आडवी रेघ जाते, ती फरशीची फट. मी समजावलं, वस्तू सांभाळायला शिकावं, आपलं साधन हाच आपला हात. आजोबा खुर्चीतून जोरात खोकले. त्यांना पाणी दिलं.

२५ मे.
आजोबा आता वॉकरने अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि खुर्चीत येऊन टेकतात. आत्या पुन्हा गाणी गुणगुणायला लागलीय. घरात परत आलेला हा आनंद कोणामुळे, हे मी बोलून दाखवत नाही. विनय. तीन-चार वेळाच उल्लेख केला असेल.
मोठा झाल्यावर स्वतःचा कारखाना काढणार. पाटीवर लिहिणार, ‘इथे वेत भिजवला जात नाही.’

२९ मे.
उद्या परत जायचं. कॉलेजसाठी फोटो हवा. गादीचा फोटो काय कामाचा? आत्या बाजारात, काका शेडमध्ये, आजोबा पलंगावर डोळे मिटून पडलेले. नाड्या सोडल्या. गाठी काय मारल्यात. गादी उचलली.
खाली वेत नव्हता. लाकूड होतं. चौकटीवर नेमका बसलेला जाडजूड फळा, चार कोपऱ्यांना चार स्क्रू, एकही तिरका नाही. काकांचा हात. एका कोपऱ्यावर निळा रंग.
जमिनीवर आडवा होऊन खालून पाहिलं. माझं विणकाम फाटक्या जाळ्यासारखं लोंबत होतं. मधून अख्खी मूठ आरपार गेली. हात काढताना तेलकट पट्टीचा तुकडा गळून माझ्या तोंडावर पडला.
खुर्चीखाली तसाच पडून राहिलो. सोळा तारखेचे आजोबांचे थरथरणारे हात दिसत होते. हा फळा नसता तर.
तेवढ्यात पलंगावरून आजोबा म्हणाले, “गादी नीट बांध हो. छोटीने बांधली होती तेव्हा गाठ टोचत होती.”
मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? ते म्हणाले, तू बसलास तेव्हापासून. आवाज लाकडाचा आला, वेत तसा बोलत नाही. मग मला कोणी सांगितलं का नाही, असं विचारलं.
ते म्हणाले, “छोटी नको म्हणाली. दादाने मन लावून केलंय म्हणाली.”
फोटो काढला नाही. गादी बांधली. गाठ खालच्या बाजूला घेतली. नीट बसेना म्हणून सोडून पुन्हा बांधली.
आत्या आल्यावर तिला सांगितलं की मी गादी सोडली होती. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, त्या दिवशी तलावावरून येऊन मी सांगणार होतो. तिने भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, नवीन वेत काकांनी भिजत घातलाय, तुम्ही गेलात की विणतील.

३० मे. बसमध्ये.
छोटी खिडकीशी बसून मांडीवर कागद ठेवून चित्र काढतेय. बस हादरली की पेन्सिल कागदातून आरपार जाते. बोर्ड का नाही घेतलास, विचारलं. ती म्हणाली, नवीन बैठक होईपर्यंत आजोबा कशावर बसतील? तिचे संकल्पाप्रमाणे रोज एक असे सगळे कागद जमलेत. निम्म्यांवर फरशीची रेघ आहे. मी तलावावर गेलो त्या दिवशीचंही एक आहे. त्यात आत्या गादी शिवतेय, काका स्क्रू मारताहेत आणि खुर्चीवर निळा कोपरा आहे. ते तिने मला बघू दिलं आणि परत पिशवीत ठेवलं.
माझी बरगडी मोकळी होती. त्याने जास्तच अवघडायला झालं.
मग मी म्हटलं, “घरी गेलो की तुला नवीन बोर्ड बनवून देतो. माझ्या हाताने.”
तिने पेन्सिल थांबवली.
“नको दादा,” ती म्हणाली. “विकतच आण.”
आणतो म्हटलं.