बुधवारची खुर्ची

औरंगाबाद, ४ ऑगस्ट १९६९

ती. आप्पांना पुंजारामचा सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याचं तेल आपल्या शेजारच्या बन्सीच्या हाती पाठवलं आहे, मिळालं का कळवा.

एका पेचात आहे. विद्यापीठाचा ग्रंथपाल झालो तेव्हा वाटलं, पुस्तकं घ्यायची की झालं. खरं काम निराळंच: कुणाला आत घ्यायचं आणि त्यासाठी कुणाला बाहेर काढायचं. रसायनशास्त्राची चारशे पुस्तकं जागेअभावी खोक्यांत पडून आहेत, विद्यार्थी रोज विचारतात. म्हणून नियम केला, पाच वर्षांत जे पुस्तक कुणीच घरी नेलं नाही ते रद्दीत. उर्दूच्या दोन कपाटांत एकाही पुस्तकातल्या चिठ्ठीवर घरी नेल्याच्या तारखेचा शिक्का नाही. तुम्ही दिलेली भूमितीची पुस्तकंही त्यातच आहेत. घरच्यासाठी नियम वाकवणं मला जमायचं नाही, पण तुमच्या शब्दाशिवाय रद्दीच्या यादीवर सहीही होत नाही.

आपला,
पुंजाराम

पिशोर, ११ ऑगस्ट

चि. पुंजारामास अ. आ.

तेल पोचलं. तुझी आई म्हणते, तेलापेक्षा तू आलास तर गुडघा लवकर बरा होईल. अक्षर तुझ्या बहिणीचं, आवडाचं आहे, मजकूर माझा.

रागावलो नाही. पोलिस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि शाळा उर्दूची मराठीत झाली, तेव्हा आम्ही मास्तर लोक एका उन्हाळ्यात भूमितीची सारी नावं नव्यानं शिकलो. पोरांना आपली भाषा मिळाली, चांगलंच झालं. पण प्रमेय माझ्या मनात अजून उर्दूतच सुटतं, त्याला इलाज नाही.

नियम सोडू नको. एवढंच कर. तुझा शिपाई वहाब लई टापटिपीचा. कुणी वाचून ठेवलेलं पुस्तक तो लगेच कपाटात लावतो. महिनाभर त्याला संध्याकाळपर्यंत हात लावू देऊ नको आणि स्वतः जाऊन बघ. टेबल रिकामं दिसलं तर खुशाल सही कर.

सुखी राहा.
आप्पा

औरंगाबाद, ११ सप्टेंबर

ती. आप्पांना पुंजारामचा सा. न. वि. वि.

पहिल्याच संध्याकाळी उर्दूच्या टेबलावर अकरा पुस्तकं होती. वाचणारे म्हणजे जुने मास्तर, वकिलांचे कारकून, दौलताबादचे एक पटवारी. बाहेरच्या माणसानं पुस्तक घरी न्यायचं नाही, हा नियमही माझाच. ते बसून वाचत राहिले आणि चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. सही केली नाही. माझ्या खोलीतली बैठक काढून तिथं रसायनशास्त्राची कपाटं लावतो आहे.

काल बुधवारी त्या टेबलाशी जाऊन एका खुर्चीवर बसू लागलो, तर पटवाऱ्यांनी अडवलं. म्हणाले, ही पिशोरच्या मास्तरांची. दोन वर्षांत त्यांचा बुधवार कधी चुकला नाही, पण दीड महिना झाला, आले नाहीत. वहाबला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला की साहेबांच्या कामाचा खोळंबा नको, म्हणून मास्तरांनीच सांगू नको असं बजावलं होतं.

आप्पा, बुधवारी तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात येता, एवढंच मला ठाऊक. माझ्या खोलीपासून ती खुर्ची चाळीस पावलांवर आहे. मला फार लाज वाटते. पत्राला आवडाचं अक्षर का आणि बुधवार का चुकले, तेही आता कळलं; डोळे इतके अधू झाले आणि मला पत्ता नाही.

येत्या बुधवारी बन्सीला घेऊन या. खुर्ची तशीच आहे. माझं उर्दू अडखळतं, पण तुम्हीच शिकवलेलं आहे. मी वाचीन, चुकलो तर कान धरा.

तुमच्या मायेचा भुकेला,
पुंजाराम